सुट्टे

वाघचौरे साहेबांनी दाखला दोनदा वाचला,
डॉक्टरची सही उजेडात धरून पाहिली,
आणि माझ्याकडे बघायचं टाळत
टेबलावरच्या पेपरवेटला म्हणाले,
पासच्या खिडकीवर बसा ना बाई, तिथं पंखा आहे.

पंखा चांगला होता.
एकवीस दिवस मी शिक्के मारले,
शाळकरी पोरांचे फोटो चिकटवले,
आत येणाऱ्या, बाहेर जाणाऱ्या गाड्या
नुसत्या आवाजावरून ओळखल्या.
बाविसाव्या दिवशी म्हटलं, साहेब, पंखा नको. गाडी द्या.

बॅग तीच. कडेला माझ्याच नखांचे ओरखडे.
फक्त पट्टा आता उजव्या खांद्यावर;
डाव्यावर वजन नको, असं कार्डावर लिहिलंय.
नऊ वर्षं उजव्या कमरेशी असलेले पैसे
एका दिवसात डावीकडे गेले.
हात अजून सवयीनं उजवीकडेच जातो,
रिकामी खाकी चाचपतो, परत येतो.

कुंदाताईनं बाजरी भरून पुरचुंडी शिवून दिलीय,
वाण्याच्या काट्यावर तोलून, दुसरीच्या वजनाची.
म्हणाली, तोल गेला तर पाठ धरेल.
उरण फाट्यापर्यंत ती जागेवर असते.
पुढे पट्टा तिला काखेकडे ढकलत नेतो,
आणि सीबीडीच्या सिग्नलला
मी खिडकीकडे तोंड करून
बिल्ला सरळ केल्यासारखं करते.

बारा शुक्रवारच्या औषधानं
बोटांची टोकं बधिर करून ठेवलीत.
पूर्वी न बघता कळायचं, रुपया कुठला, दोनचा कुठला.
आता एकेक नाणं डोळ्यांपुढे धरते.
लोकांना वाटतं, बाई खोटं नाणं शोधतेय.

केस आलेत, पण कुरळे. दुसऱ्याच कुणाचे तरी.
सात-चाळीसचे कळंबोलीवाले आजोबा म्हणाले,
फॅशन केलीस होय गं? आणि होतीस कुठं इतके दिवस, गावी?
गावी, मी म्हटलं.
पाऊसपाणी?
बरं आहे.
(मी घणसोलीची. मला दुसरं गावच नाही.)

दोरी मात्र तिथंच, छतालगत.
घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी डाव्या हाताची बोटं चढवायचे,
एकामागं एक, पालीच्या चालीनं.
पोरगा पेन्सिलीनं खूण करून तारीख घालायचा.
त्याची उंची मोजतो तीच भिंत.
मार्चमध्ये मसाल्याच्या फळीपर्यंत,
एप्रिलच्या शेवटी कॅलेंडरच्या खिळ्याला.
त्याला सांगितलं नव्हतं,
की एका रविवारी डेपोत जाऊन
मी टेपनं दोरीची उंची मोजून आणलीय.
खिळ्याच्या वर चार बोटं.

खारघरला, हॉस्पिटलच्या थांब्यावर चढणारी माणसं
मला लांबूनच कळतात.
प्लास्टिकच्या पिशवीत ते मोठं पाकीट,
ओढणी कपाळापर्यंत,
बरोबरच्याच्या हातात पाण्याची बाटली
आणि काय बोलावं ते न कळणं.
आज एक चढली, माझ्याहून लहान.
पाचशेची नोट पुढं केली.
सुट्टे द्या, सुट्टे द्या, दिवसाला शंभरदा ओरडते मी.
तिच्यावर नाही ओरडले.
नोटा काढल्या, मग नाणी, एकेक उजेडात.
ती माझ्या बोटांकडे बघत होती. मग केसांकडे.
मग पट्टा जिथून सपाट खाली उतरतो, तिथे.
म्हणाली, सावकाश द्या ताई.

डावा हात वर केला.
काखेपासून कोपरापर्यंत
ओली सुतळी ताणल्यासारखं काहीतरी ताणलं.
टण टण.
सोनकांबळेनं आरशात पाहिलं नाही,
गिअर टाकला.

संध्याकाळी हिशेब तीन रुपयांनी कमी आला.
माझ्या पाकिटातून घातले.
तुमचा कधी कमी यायचा नाही, कॅशियर म्हणाला.
येईल आता अधूनमधून, मी म्हटलं,
आणि पावती मागितली.